क्लेरसाठी अपूर्ण भूतकाळ

३ मार्च, सकाळी ७.१०
दर्शना येतेय. २६ एप्रिलला, फ्रान्सहून, आठ वर्षांनी. सोबत क्लेर, माझी सात वर्षांची नात. तिला मी फक्त सुनंदाच्या मोबाइलवर पाहिलंय, तेही मागून जाता जाता. क्लेरला मराठी येत नाही, मला फ्रेंच येत नाही. यातली दुसरी अडचण सात आठवड्यांत सुटण्यासारखी आहे. अलोऱ्याच्या प्रोजेक्ट ऑफिसात तेहतीस वर्षं कारकुनी केली. नियम वाचून पाळणं मला नवं नाही.

५ मार्च
अख्खी भाषा नको. फक्त अपूर्ण भूतकाळ घ्यायचा, त्याला म्हणतात अँपार्फे. मी करायचो, आम्ही जायचो, वगैरे; आपला रीती भूतकाळ त्यातच येतो. आजोबाने नातीला सांगायचं ते सगळं याच काळात असतं. सुनंदाला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, "आधी लेकीशी मराठीत बोला." बायकोला व्याकरणात इंटरेस्ट नाही.

९ मार्च, रविवार
शेजारच्या आप्पांची नात मनस्वी हॉटेल मॅनेजमेंटला फ्रेंच शिकलीय. दर रविवारी एक तास देणार. नियम सोपा आहे. 'आम्ही' सोबतचं वर्तमानकाळातलं रूप घ्यायचं, त्याची शेपटी कापायची आणि नवी लावायची. फक्त नियमित क्रियापदं घेणार. अनियमितांशी आपला संबंध नाही.

१६ मार्च
पार्ले म्हणजे बोलणं. मी बोलायचो, पार्ले. तू बोलायचास, पार्ले. तो बोलायचा, पार्ले. ते बोलायचे, तरी पार्लेच. उच्चार एक, स्पेलिंगं वेगळी. शेवटी तीन-तीन अक्षरं लिहितात आणि म्हणत नाहीत. मी त्यातली काही म्हणणार. लिहिलीच आहेत तर वाया का घालवायची? मनस्वी हसली. तिला उत्साह आवडलेला दिसतो.

२३ मार्च
अकरा वाक्यं तयार. तुझ्या आईशी मी खेळायचो, ज झुए. तिला गोष्टी सांगायचो, ज राकाँते. दर रविवारी आम्ही आरे-वारेला किनाऱ्यावर चालायचो, नू मार्शियों. सुनंदाला मराठीत अर्थ सांगितला. हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "कधी?" मी म्हटलं, तिच्या लहानपणी. म्हणाली, "आरे-वारेला आपण तिघं एकदाच गेलो. तुम्ही वाळूत उतरलाही नाहीत, रिक्षात बसून पेपर वाचलात."

कामाचा लोड होता तेव्हा. मी अलोऱ्याला प्रोजेक्टच्या कॉलनीत, ह्या दोघी दर्शनाच्या शाळेसाठी रत्नागिरीत. येणं व्हायचं नाही. हे सुनंदाला ठाऊक आहे, तरी बोलते.

३० मार्च
मनस्वीला सहज विचारलं, एखादी गोष्ट एकदाच झाली असेल तर अँपार्फे चालतं का? नाही चालत. सवयीने, पुन्हा पुन्हा व्हायचं त्यालाच. एकदा घडून संपलं त्याला दुसरा काळ आहे, पासे काँपोझे. तो शिकायचा का, म्हणाली. मी नको म्हटलं. वेळ कमी आहे. आरे-वारे अँपार्फेमध्येच ठेवलं.

६ एप्रिल
अभ्यास नाही. आंब्याच्या पेट्या भरायला भावाकडे गेलो होतो. खरं तर मला बोलावलं नव्हतं, पण मदत लागतेच.

१३ एप्रिल
मनस्वीसमोर अकराही वाक्यं म्हटली. ती म्हणाली, उच्चार जरा सांभाळा, पण कळेल. मग म्हणाली, "काका, दर्शनाताईला किती भारी वाटेल! तुमचे एवढे लाड आठवून." मी लगेच उठून पंख्याचं बटण बघितलं. पंखा चालूच होता.

२० एप्रिल
सुनंदाने आज विषय काढलाच. "त्या फोनचं काय? तो कुठल्या काळात बसवलात?"

दर्शनाने फोनवर सांगितलं होतं की तिथल्याच मुलाशी लग्न करतेय. मी म्हटलं, मग इथे पुन्हा फोन करू नकोस. एक वाक्य. रागात माणूस बोलतो. नंतर ती आईच्या मोबाइलवरच फोन करायला लागली, यात माझा दोष किती? मी काही रोज तसं म्हणायचो नाही. एकदाच म्हटलं.

सुनंदाला म्हटलं, तो माझ्या अभ्यासक्रमात नाही. ती बाहेर खळ्यात जाऊन बसली. मी वाक्यं पाच वेळा लिहिली. तीन चुका.

२६ एप्रिल
आल्या. बीचजवळच्या हॉटेलात उतरल्यात. सुनंदा म्हणाली, क्लेरला एसी लागतो. असेल. उद्या जेवायला येणार. शर्ट इस्त्री करून घेतला.

२७ एप्रिल, संध्याकाळी ६
आल्या एक वाजता. दर्शना बारीक झालीय. तिने विचारलं, "बरे आहात ना, बाबा?" मी म्हटलं, बरा. प्रवास? म्हणाली, ठीक झाला. एवढंच. मग ती आईच्या मागे स्वयंपाकघरात गेली.

क्लेरने सुरमईचे काटे बाजूला काढून ताटात ओळीने मांडले. जेवण आटोपल्यावर मी उभा राहिलो आणि सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं तिला कळली नाहीत. मग शेपट्या गिळून म्हटली, तशी तिचे डोळे मोठे झाले. खेळायचो. गोष्टी सांगायचो. दर रविवारी चालायचो. अकरावं वाक्य संपलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. दर्शना तांब्या हातात धरून दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

क्लेरने काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. दर्शनाकडे बघितलं.

"ती विचारतेय, मग हे सगळं तुम्ही का थांबवलंत?"

मी म्हटलं, तिला सोलकढी हवीय का विचार.

दर्शनाने ते विचारलं नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तिला दोनच शब्द सांगितले. इल त्राव्हाये.

नियमित क्रियापद आहे. आजवर ऐकलेलं एकमेव फ्रेंच, जे मला कुणी न सांगता कळलं. तो काम करायचा. क्लेरने मान हलवली आणि सोलकढी स्वतःच ओतून घेतली. दर्शना माझ्याकडे न बघता ताटं उचलायला लागली. मी एक उचललं, तर ते तिने हळूच माझ्या हातातून काढून घेतलं.

चार वाजता गेल्या. जाताना म्हणाली, फोन करीन. सुनंदाला म्हणाली की मला, कळलं नाही.

काम करायचा, म्हणे. शनिवारी दुपारी कॉलनीतले सगळे बॅगा घेऊन घरी जायला चिपळूणची एसटी पकडायचे. मी क्लबात पत्ते खेळायचो. रविवारी ऑफिस बंद असायचं.