काचेखालचे गुलाब

बाबा, तुमच्याशी बोलायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. मला बोलायचंच नव्हतं. तुम्ही होतात तोवर नाही, आणि गेल्यावर तर नाहीच. आता या वयात धाकट्या लेकीनं मला अक्षरं शिकवली. हात जरा वळायला लागला तेव्हा आईला काही लिहावं असं मनात आलं नाही. तिला सांगायचं ते तिच्या कुशीत झोपून सांगून झालं होतं. बाकी राहिलात ते तुम्हीच.

अमरावतीचं आपलं घर तुमची भरभराट होण्याआधी कसं होतं ते तुम्हाला आठवतं का, कोण जाणे. कापसाची लहानशी अडत होती तुमची, बैठकीत एक सतरंजी होती आणि मागच्या अंगणात आईची झाडं होती. फुटके रांजण, कान तुटलेल्या घागरी, गळकी मडकी, जे काही घरातून बाद होई त्यात माती भरून तिनं काहीतरी लावलेलं असे. अबोली, शेवंती, एक काटकुळा गुलाब, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मोगरा. तांदूळ धुतलेलं पाणी ती मोरीत जाऊ देत नसे. मी चुलीपाशी बसलेली असले की ती पातेलं माझ्या हातात देऊन म्हणे, "जाय, मोगऱ्याले टाकून ये. मुळाशी टाकजो, पानावर नको." उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी असलं की आपल्या अंघोळीचं पाणी ती कमी करी, झाडांचं नाही. तुम्ही हसायचात. तेव्हा तुम्हाला हसू येत असे.

मग अमेरिकेत लढाई लागली. तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, एवढंच आम्हा बायकांना कळलं. घरात कळलं ते निराळं होतं. तुम्ही जेवताना बोलेनासे झालात. बैठकीत गालिचा आला, झुंबर आलं, भिंतीला माणसाएवढा आरसा आला. आणि एके दिवशी मुंबईहून एक पेटी आली. तुम्ही स्वतः तिच्यातलं गवत उपसताय, कुणाला हात लावू देत नाही, आई आणि मी दारामागून पाहतोय, हे मला अजून दिसतं. आतून काचेचा घुमट निघाला आणि त्याच्याखाली कापडाचे गुलाब. तांबडे, पिवळे, तारेवर हिरवं कापड गुंडाळून केलेले देठ, पानावर मेणाचा दवाचा थेंबसुद्धा.

"हे पाय," तुम्ही आईला म्हणालात, "याले पानी नाई लागत, माती नाई लागत. वाळत नाई, गळत नाई. धूळ झटकली का झालं."

आईनं काचेवर बोट टेकवलं. "अन् वास?"

"अत्तर टाकू."

आणि खरंच टाकलंत. घुमट उचलून गुलाबांवर अत्तर शिंपडलंत. पाकळ्यांवर तेलकट डाग पडले, ते कधी गेले नाहीत. ती बाजू मग तुम्ही भिंतीकडे वळवलीत.

चैत्र लागला होता. हंगामाचा शेवटचा माल पाहायला मुंबईच्या पेढीचा गुमास्ता आपल्याकडे यायचा होता. आई सकाळपासून खपत होती. श्रीखंड, पुऱ्या, काय काय. दुपारी तिनं मोगऱ्याचं मडकं पुसलं, त्याला गेरू लावला आणि बैठकीत नेऊन ठेवलं, तुमच्या गुलाबांच्या शेजारी. तुमचा मान वाढावा म्हणूनच ठेवलं होतं, बाबा. तिच्याजवळचं सगळ्यात चांगलं तिनं तुमच्या पाहुण्यासमोर मांडलं होतं. गुमास्ता आला, लोडाला टेकला आणि वास येताच एकदम मागे वळला. "सेठ, ये तो असली है!" असं म्हणून तो चक्क उठला, मडक्यावर वाकला, एक कळी खुडून पगडीत खोवली. मुंबईत आपल्या खोलीत उजेडसुद्धा येत नाही, मोगरा कुठला, असं काहीतरी तो बराच वेळ बोलत राहिला. काचेच्या घुमटाकडे त्यानं पाहिलंही नाही. तुम्ही हसत होतात. पण तुमचे कान लाल झालेले मी दाराच्या फटीतून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमाल आले. अंगणात कापसाच्या गठाणी ठेवायच्या आहेत, जागा मोकळी करा, असा तुमचा हुकूम. मडकी उचलून ते गाडीत टाकत होते, काही तिथेच फुटली. आई मागच्या दारात उभी होती, हात पिठाचे. तिनं तुम्हाला काहून म्हणून विचारलं नाही. मी विचारलं. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "माह्या घरात कचरा नाई पायजे मले. लोकं हसून राहिले." कोण हसत होतं, बाबा? तो माणूस तर मोगऱ्यावर खूष होऊन गेला होता. आई एवढंच म्हणाली, "तुळस तरी राहू द्या जी." ती राहू दिलीत. तेवढं पुण्य तुमच्या नावावर आहे.

त्यानंतर अंगणातल्या गठाणींचं तूस घरभर उडायचं, काचेच्या घुमटाखालीही कसं कोण जाणे शिरायचं आणि गुलाबांवर बसायचं. ते रोज पिसानं झटकायचं काम तुम्ही आईला दिलंत. झाडांना पाणी घालणारा हात धूळ झटकत राहिला. माझं लग्न त्याच भरभराटीत झालं, अकोल्याला दिलंत मला, वाजतगाजत. बैलांच्या दमणीत बसताना मी आईच्या केसांकडे पाहिलं. लेकीच्या लग्नाचा दिवस, आणि अंबाड्यात एक फूल नाही.

पुढच्या जेठात आईला ताप भरला म्हणून निरोप आला. मी पोचले तेव्हा ती बोलत होती, पण थोडं. तिसऱ्या प्रहरी गेली. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, हळदकुंकू लावलं, आणि बायका म्हणाल्या, फुलं आणा. गड्याला अंबादेवीच्या देवळापाशी माळणींकडे पिटाळलं. विहिरी आटलेल्या, बाग करपलेली, तो थोडा बेल घेऊन परत आला. तेव्हा तुम्ही बैठकीत गेलात. काच बाजूला ठेवल्याचा आवाज आला. ते कापडी गुलाब तुम्ही आणलेत आणि तिच्या छातीवर ठेवलेत. डागाची बाजू खाली करून.

"काढा ते," मी म्हणाले.

"दुसरं काई नाई पोरी घरात."

"होतं, बाबा."

 शेजारच्या म्हातारीनं तुळशीच्या मंजिऱ्या आणल्या आणि गुलाब उचलून तुमच्या हातात दिले. तुम्ही ते घेऊन गठाणींपाशी उभे राहिलात. तिला उचललं तरी तुम्हाला ते कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं. मला तुमची कीव आली नाही. आजही येत नाही.

लढाई संपली, भाव कोसळले, गठाणी तशाच पडून राहिल्या. गुमास्ता परत आला नाही. तुम्ही एकदा अकोल्याला माझ्याकडे आलात, आधी न कळवता. ओट्यावर बसलात. मी तुम्हाला गूळपाणी दिलं. माझ्याही ओट्यावर तेव्हा दोनचार कुंड्या होत्या. तुम्ही बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पानी लय लागत असंन याले." तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. मी "हो" म्हणाले आणि आत भाकरी थापायला गेले. बाहेर येते तो तुम्ही निघून गेलेले. त्याच हिवाळ्यात गेलात. काकांनी घर विकलं. घरातलं कुणी काय नेलं ते मी विचारलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. परवा सुनेनं बाजारातून कापडी फुलांचा गुच्छ आणला. शेजारणी भोवती जमून कौतुक करत होत्या. मला कुणी काही विचारलं नव्हतं. तरी मी मध्येच म्हणाले, "हे तं काईच नाई. माह्या बापानं मुंबईहून आनले होते, काचेखालचे. साऱ्या अमरावतीत तसे कोनाकडं नव्हते." त्या सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. आणि मला, बाबा, ते फार बरं वाटलं.