'मामांना विचारणे' खाते

ती. मामा,

कंबर जितकी वाकते तितकी वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींनी तुमची साखर बंद केल्याचं आईकडून कळलं; तुम्ही ती शेजारी जाऊन खाता, हेही कळलं. इकडे सर्व क्षेम आहे (असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं).

हकिगत अशी. तुम्ही निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बिजागऱ्यांच्या या कारखान्याचा हिशेब तुम्ही घालून दिलेल्या खतावणीवरच चालतो. ती वहीतून संगणकात आली, एवढंच. आता मालकीणबाईंनी अंदाजपत्रकाचं नवं सॉफ्टवेअर घेतलंय. ते क्लाउडवर असतं, म्हणजे नक्की कुठे ते कोणालाच ठाऊक नाही, पण भाडं महिन्याच्या महिन्याला जातं. ते खतावणीला जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जोडणीसाठी आलेली बाई हुशार, पण बोलते इतकं भरभर की मी नुसता मान डोलावत होतो. तिने एक तक्ता दिला. वर लिहिलं होतं, 'कंपनीतील सर्व खाती'. मामा, तिला हवे होते विभाग! खरेदी, विक्री, उत्पादन, हिशेब. चार नावांत काम आटोपलं असतं. तुमच्या भाच्याने खतावणी उघडली आणि दोनशे बारा खाती, एकही न गाळता, उतरवून दिली.

झालं. सॉफ्टवेअरने निमूटपणे दोनशे बारा विभाग उभे केले आणि प्रत्येकाला प्रमुख मागू लागलं. नाव घातल्याशिवाय पुढे सरकेना, म्हणून सुचेल ते घालत गेलो. चहापान खात्यावर रखवालदार आला, घसारा म्हणजे झीज, त्या खात्यावर आपले म्हातारे फोरमन (ते रुसलेत), आणि बुडीत खात्याचे प्रमुख म्हणून मालकीणबाईंचे जावई. नेमणुकीचं पत्र अभिनंदनासकट थेट त्यांच्या मोबाईलवर गेलं. तेव्हापासून ऑफिसात मला कोणी चहा विचारत नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. बिल हरवलेलं, आकडा न जुळलेला, कशाचा खर्च ते न कळणारा, असं सगळं आपण ज्यात टाकायचो ते 'मामांना विचारणे' खाते! त्याचाही विभाग झाला, प्रमुख अर्थातच तुम्ही, आणि खर्चात खरेदीच्या खालोखाल दुसरा. सॉफ्टवेअर त्याच्यावर बेहद्द खूश आहे, पुढच्या वर्षी बारा टक्के वाढ द्या म्हणतंय. मालकीणबाईंनी ते पडद्यावर पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "सोमवारी या विभागाच्या प्रमुखांना घेऊन या. ते नाही आले, तर तुम्हीही येऊ नका." मामा, लिहितोय थट्टेत, पण मी घाबरलोय. तुमच्या शब्दावर लागलेली नोकरी आहे आणि दोन मुलींची शाळा तिच्यावर चालते.

तेव्हा सोमवारी दहाला याच. गाडी मी पाठवतो.

तुमचा आज्ञाधारक (आता तरी),
भाचा

ता. क. तुमच्या जुन्या टिपणवह्या आठवणीने आणा. मामांना नोंद न् नोंद तोंडपाठ असते, असं मी छातीठोकपणे सांगितलंय.

ता. क. २ : आत्ता तारखा तपासल्या. त्या खात्यातल्या दर तीन नोंदींपैकी दोन तुमच्या निवृत्तीनंतरच्या आहेत. म्हणजे माझ्या. खात्याचं नाव रोज लिहिलं, पण सहा वर्षांत तुम्हाला एकदाही विचारलं नाही, याची लाज वाटते. त्या सगळ्या तुम्ही फोनवर सांगितल्यात, असं मी मालकीणबाईंना ठोकून दिलंय. आणि ती तोंडपाठची बढाई मागे घेऊन, हल्ली तुम्हाला काही आठवत नाही, असंही. तेव्हा वह्या घरीच ठेवा. या नक्की, पण कृपा करून काही आठवू नका.