ओळखीतला काउन्सेलर

आत्या,

आणि हो, "बाहेर बोभाटा नको, ओळखीतलाच बघू," हे तूच म्हणालीस! गाडी शिकवणाऱ्या बाबांना आता गाडीत बसलं की धडधडायला लागतं, म्हणून डॉक्टरांनी गोळ्यांसोबत काउन्सेलिंग सांगितलं. तू शोधलास तुझा काउन्सेलर शेजारी. अगं, त्याला गाडी बाबांनीच शिकवलीय! त्याच्यासमोर ते काय रडणार?

"सर, कसं वाटतंय?"

"एकदम मस्त! तू अजून क्लचवर पाय ठेवूनच चालवतोस ना रे?"

झालं काउन्सेलिंग! तो बिचारा स्वतः म्हणाला, "सरांना अनोळखी माणसाकडे न्या." तर तू त्यालाच झापलंस, "घरचा असून टाळतोस होय रे?" मला इतका राग आला ना!

काल मी बाबांना शहराच्या दुसऱ्या टोकाला एका अनोळखी काउन्सेलर बाईंकडे नेलं. दार बंद होतं, तरी बाबांचं रडणं मला बाहेर ऐकू आलं. निघताना म्हणाले, "पुढच्या आठवड्यातही येऊ. तुझ्या आत्याला मात्र सांगू नकोस." त्यामुळे हे पत्र पाठवता येत नाहीये, आणि तुझ्याशी धड भांडताही येत नाहीये.

पण तुला काय वाटतं गं, ओळखीतला माणूस बाबांना हवा होता की तुला?

भयंकर चिडलेली,
तुझीच भाची