टाक्यात उतरायचे पाय

कास्तेदो, २ फेब्रुवारी १९९७

ती. इदालिना आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पोर्तोच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? इथे बाबांचं मन थाऱ्यावर नाही. गेल्या तोडणीत काझिमिरो मुकादमाने त्यांच्या पायाची पिवळी, जाड झालेली नखं पाहिली आणि वाईनसाठी द्राक्षं तुडवायच्या टाक्यात उतरू दिलं नाही. सगळ्यांदेखत म्हणाला, काका, आता काठावर बसून तुडवणाऱ्यांसाठी अकॉर्डियन वाजवा. जन्मभर त्या टाक्यात नाचलेला माणूस, तेव्हापासून घरातही मोजे काढत नाही. येत्या सप्टेंबरात उतरणारच म्हणतात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुरशी आहे. गोळ्यांनी लवकर गुण येतो, पण आधी यकृतासाठी रक्त तपासायचं आणि वाईन बंद. वरून लावायच्या औषधाला वर्ष लागतं. नाहीतर नखच काढायचं. बाबा मात्र व्हिनेगरमध्ये पाय बुडवून बसतात. तूच काय ते सांग.

तुझी लाडकी,
लिओनिल्द

पोर्तो, ११ फेब्रुवारी

चि. लिओनिल्द हिस अनेक आशीर्वाद.

व्हिनेगर कोशिंबिरीत घाल म्हणावं. नख मीही काढवलं होतं. महिनाभर लंगडले आणि बुरशी पुन्हा हजर. दादाने गोळ्याच घ्याव्यात. तो वाईन सोडेल हे मात्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी मानायची नाही. रक्त आधी तपासा, टाळाटाळ नको. काझिमिरोला पहिल्यांदा हात धरून टाक्यात उतरवलं ते दादानेच, विसरला वाटतं मेला.

माया आहे तशीच ठेवा.
आत्या

कास्तेदो, ९ मार्च

ती. आत्यास सा. न.

बाबांनी वाईन खरंच सोडली, पण गोळ्या मिळणार नाहीत. रक्तात दोष निघाला, पुढे तपासण्या झाल्या. यकृताचा कर्करोग आहे, पसरलाय. फार तर तोडणीपर्यंत, असं बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बाबांनी ओळखलंय. तरी त्यांनी ते वर्षभर लावायचं औषध मागितलं, आणि बाईंनी लिहून दिलं. मी नखं घासून देते, ते स्वतः वाकून औषध लावतात. वर्ष लागतं, हा विषय कोणीच काढत नाही. त्यांच्यापुढे रडताही येत नाही गं.

तुझी,
लिओनिल्द

कास्तेदो, २१ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

फोनवर सगळं सांगायचं राहिलं, म्हणून लिहिते. तोडणी सुरू झाली त्याच सकाळी बाबा गेले. पाय मी धुतले. अंग सगळं पिवळं पडलं होतं, पण अंगठ्याचं नख मुळापासून अर्ध्यापर्यंत नवं आलं होतं, पातळ आणि स्वच्छ.

शेजारणीने त्यांचे रविवारचे बूट पुसून आणले. मी ते परत कपाटात ठेवले. मोजेही घातले नाहीत. काझिमिरो टोपी हातात घेऊन आला, पायाशी बराच वेळ उभा राहिला. मी चादर तेवढी वर सरकवली, दोन्ही पाय नीट दिसतील अशी.

आता तुझं पत्र वाचायला मी एकटीच आहे. तरी लिहीत जा.

लिओनिल्द