एकही अक्षर सुटं नको

३ मार्च, सोमवार
आरएनए हा रेणू म्हणजे चारच प्रकारच्या अक्षरांची लांबलचक साखळी. अक्षरं आपापसात जोड्या लावतात, साखळी स्वतःवरच दुमडते. कोण कुणाशी जुळेल हे सांगणारे प्रोग्राम आहेत, सगळे ओंगळ. वाटेल तिथे अक्षरं सुटी सोडतात. शिसारी येते. माझा प्रोग्राम जास्तीत जास्त जोड्या लावेल. शुक्रवारी साहेब प्रोग्रामची निवड करणार. माझा पास झाला तर मी संशोधनात राहीन, नाही तर तळमजल्यावर मशीन-दुरुस्तीत. तळमजल्याचा विचार करायचं कारण नाही.
संकल्प : रोज सहाला उठणे.

४ मार्च, सकाळी ९.४०
उठलो. प्रोग्रामचं नाव ठरलं : 'कुंडलिनी'. मंगलाचरण म्हणून अनुष्टुभात दोन श्लोक रचले. कोड उद्या.

५ मार्च
कोड तयार. चाळीस ओळी! शंभर अक्षरांत सत्तेचाळीस जोड्या. प्रयोगशाळेतला जुना प्रोग्राम एकतिसावरच दमतो.
तिथल्या प्रयोग करणाऱ्या बाईंना माझ्या दुमडलेल्या साखळीचं चित्र दाखवलं. त्यांच्या टेबलावर अर्धवट खाल्लेलं सँडविच आणि वापरलेले हातमोजे शेजारी शेजारी. किळस! बाईंनी विचारलं, अहो पंडित, अगदी शेजारशेजारची अक्षरं कशी हो जुळवलीत? वळणावर निदान तीन अक्षरं सुटी लागतात, नाही तर साखळी वळणारच नाही. मी म्हणालो, ही निव्वळ बेशिस्त. बाई म्हणाल्या, मग रेणूला छड्या मारा.

६ मार्च
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बाई म्हणतात ते एकदा करून बघा की, तुमचं काय जातंय? घरातही विरोधी पक्ष!
फक्त एक ओळ घालावी लागेल. तत्त्व म्हणून घातली नाही.

७ मार्च, शुक्रवार
मीटिंग. बाईंनी त्याच साखळीवरच्या प्रयोगाचा निकाल आणला होता. खऱ्या जोड्या एकोणतीस. जुन्या प्रोग्रामच्या त्यातल्या सव्वीस बरोबर, माझ्या सहा. साहेबांनी विचारलं, तुमच्या चित्रातली साखळी जगात सापडेल कुठे? मी म्हणालो, सापडायला हवी. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, हे जास्त झोंबलं.
त्या रेणूचाच वीट आला. नियम पाळायची दानतच नाही.

१० मार्च, सोमवार
तळमजला. ओल, धूळ, कुणाच्या तरी कपात बुरशी. ही जागा मी महिन्याभरात सुधारून दाखवीन.
पहिलं काम : साहेबांचा प्रिंटर. आत कागद अडकलेला. घडीवर घडी, वळणाला कणभरही जागा न सोडता, कोपऱ्याला कोपरा चिकटलेला. बराच वेळ बघत राहिलो. शेवटी राहवलं नाही, साहेबांना बोलावून दाखवलं, म्हणालो, सापडली.
ते म्हणाले, आधी तो बाहेर काढा.