तक्त्यातील इस्त्री

६ फेब्रुवारी
मी, मल्लिनाथ शिवलिंग कोरे, वय छप्पन्न, वाणिज्य पदवीधर. सोलापुरातील शाळांतून मुलांना सूर्यचूल, सौरदिवा व एकूणच स्वच्छ ऊर्जा समजावून सांगणे हा गेली चौदा वर्षे माझा व्यवसाय. शिकवताना होणाऱ्या चुका टिपून ठेवाव्यात, एवढाच या नोंदींचा हेतू.

आज इ. पाचवी. सूर्यचुलीतील भात एक तास दहा मिनिटांत शिजला. नंतर तक्ता. डावीकडे ‘स्वच्छ’, उजवीकडे ‘अस्वच्छ’: चूल, रॉकेलचा दिवा, कोळशाची इस्त्री. चित्रे मीच काढलेली. यंदाच या शाळेत आलेली मुस्कान उभी राहिली.
“सर, तुमच्या शर्टाला कुठली इस्त्री हाय?”
वर्ग हसला. मीही. पुढच्या चित्राकडे वळलो.

१३ फेब्रुवारी
सूर्यचुलीच्या झाकणाला मुस्कानने आज हात लावला नाही. तास संपेपर्यंत मान खाली. एरवी सूर्यचुलीचे झाकण उघडायला हीच पहिली.

१४ फेब्रुवारी
कपडे आणण्यास कोपऱ्यावर, रज्जाकभाईंच्या कोळशाच्या इस्त्रीच्या हातगाडीवर. अकरा वर्षांचा परिचय. आज चेहरा उतरलेला.
“पोरगी डबा घेऊन गाडीपाशी येत न्हाई, साहेब. रस्त्याच्या पल्याड ठेवती अन् पळती. म्हणती, अब्बा, तुमचं काम अस्वच्छ हाय. कुण्या सरांनी तक्ता लावलाय म्हणं.”
मुलगी आहे हे ठाऊक होते; नाव मात्र कधी विचारले नव्हते. आज विचारले. मुस्कान.
तो सर मीच.
सांगितले. ते निखारे हलवत राहिले.
“तुमी व्हय! मग ठीक हाय. मला वाटलं, कुणी परका हाय.”

१५ फेब्रुवारी
इस्त्रीच्या चित्रावर पांढरा कागद चिकटवला. मग काढला. धूर खोटा नाही, रज्जाकभाईंचा खोकलाही नाही. ‘अस्वच्छ’ हा शब्द मात्र... ‘धुराची’? ‘धूर करणारी’? समाधान नाही. उजवीकडचे शीर्षक तूर्त कोरे.

१७ फेब्रुवारी
रज्जाकभाईंना वर्गात येण्याची विनंती केली.
“मी? पोरांना काय शिकवू?”
“इस्त्री कशी तापते, ते.”
“अन् खोकल्याचं?”
“तेही सांगा.”
बराच वेळ कॉलरच दाबत होते. मग म्हणाले, “पर मुस्कानचा बाप म्हणून न्हाई. पोरं चिडवतील तिला. नुसता इस्त्रीवाला म्हणून येतो.”
मान्य केले.

२० फेब्रुवारी
आले. निखारे भरले, ओले बोट इस्त्रीच्या तळाला टेकवले. चर्र! पहिला बाक उभाच राहिला. कोळसा पेटवताना छाती कशी भरते, तेही त्यांनी न लपवता सांगितले. मी वर्गाची माफी मागितली: धूर वाईट, तो सोसणारा माणूस नव्हे, तक्त्यावरील शब्द माझा, चूक माझी.

अथर्व नावाच्या मुलाने विचारले, “काका, तुम्हाला मुलं आहेत?”
“एक पोरगी हाय की. लई हुश्शार.”
“कुठल्या शाळेत?”
“हाय... हितंच, जवळच.”
बोलताना त्यांनी मुस्कानच्या, तिसऱ्या बाकाकडे पाहिले नाही. मीही कटाक्षाने पाहिले नाही. घंटा झाली.

तक्ता गुंडाळत असताना अथर्व आला. “सर, मी काकांना शाळा विचारली तेव्हा मुस्काननं हात वर केला होता की. लई वेळ. तुम्ही दोघांनीबी बघितलंच नाही.”
बाहेर येऊन पाहिले. ती निघून गेली होती.

म. शि. कोरे
सोलापूर, २० फेब्रुवारी