काठीला दप्तर नाही

ब्रेडा, २० मे २०२१

चि. योरिस यास डिम्फ्नाआत्याचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू जे सांगितलंस ते ऐकता ऐकता माझी कॉफी कपातच निवली. तुमच्या डर्नच्या शाळेने हिवाळ्यात मारिटला कामधंद्याच्या शाळेचा सल्ला दिला. आता परीक्षेत तिचे गुण वरच्या शाळेइतके आले. बाई स्वतःहून विचारतात, सल्ला बदलू का, आणि तू म्हणतोस, राहू दे. बाराव्या वर्षी मुलं बटाट्यांसारखी चाळून वेगळी काढायची, हेच मुळात मला पटत नाही. इथे तर चाळणीच म्हणते आहे की चूक झाली, आणि बाप म्हणतो असू दे.

पैशाचं कारण सांगू नकोस. वरची शाळा चर्चच्या सिस्टरांची असली, तरी सरकार तिला आणि सरकारी शाळेला मुलामागे सारखंच देतं. पोरीला गुरांची डॉक्टर व्हायचंय. तुमच्या त्या शाळेतून विद्यापीठाचा रस्ता किती लांबचा, ठाऊक आहे ना? तुझ्या आजोबांनी मला स्वयंपाक-शिवणाच्या शाळेत घातलं, तेव्हा मला शिकवणाऱ्या सिस्टर आग्नेस घरी येऊन भांडल्या होत्या. मी नुसतं पत्र लिहिते आहे. बाईंना उद्याच फोन कर.

रागावलेली, तरी तुझीच,
आत्या

डर्न, २ जून २०२१

ती. आत्यास सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं, हाताला चटका बसला. बाईंना फोन केला नाही. मी त्याच कामधंद्याच्या शाळेत शिकलो, आणि आज नळ दुरुस्तीसाठी लोक माझी तीन तीन आठवडे वाट बघतात, त्यात विद्यापीठात शिकलेला नोटरीही आहे. मारिट वरच्या शाळेत गेली आणि झेपलं नाही, तर तिला खाली ढकलतील. तेव्हाचं तिचं तोंड मला बघवणार नाही. गुणांचं तिला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

चार वर्षांनी पास झाली की, पास झालेल्या प्रत्येक पोराच्या घरी लागतो तसा आमच्याही दारावर झेंडा लागेल, त्याच्या काठीला तिचं जुनं दप्तर लटकेल. ते कुठल्या शाळेचं, हे रस्त्यावरून कुणी विचारत नाही. तेव्हा केक खायला ये. जीभ तेवढी घरी ठेव.

रागासकट लोभ असू दे.
तुझा योरिस

ब्रेडा, १५ जून २०२५

चि. योरिस यास आशीर्वाद.

केक चांगला होता, हे आधी सांगते.

बसमधून उतरले तर दारावर झेंडा, पण काठीला दप्तर नाही. वाऱ्याने पडलं असेल म्हणून मी कुंपणात वाकून शोधू लागले. मारिट धावत आली आणि म्हणाली, आत्याआजी, दप्तर माझ्या खोलीत आहे, मला ते अजून लागणार. आता वरच्या शाळेत दोन वर्षं, मग त्याहून वरच्या शाळेत आणखी दोन, मग विद्यापीठ, तेही घेतलं तर. तिच्या बरोबरीची मुलं तोवर तिथे कधीच जाऊन बसलेली असतील.

मग टेबलाशी ती हसत हसत सगळ्यांना म्हणाली की बाराव्या वर्षी मी ढ होते, अक्कल मला उशिरा आली. तू बशी पुसायला लागलास. बशी स्वच्छच होती. मी केकचा एवढा मोठा घास तोंडात कोंबला की सिस्टरांनी पाहिलं असतं तर बोटांवर पट्टी बसली असती.

तुझं ऐकून जीभ घरी ठेवली होती, योरिस. आजवर बोलून मी पुष्कळ माणसं दुखावली, पण त्या घासाएवढी लाज मला कधी वाटली नाही. पोर ढ नव्हती. हे तिला माझ्याकडून कळायला नको, तू सांग. ती चिडेल, रडेल, तुझ्याशी बोलायची नाही. बोलेल पुन्हा. पण स्वतःला ढ समजून तिने ही पुढची चार वर्षं अभ्यास करू नये.

लोभ आहे, तो कुठे जात नाही. पण यापुढचं पत्र मला मारिटच्या हातचं हवं.

आत्या